फ्रिजशेजारची जागा

भिंत काँक्रीटची, सोव्हिएत काळातली.
खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकून माफी मागतो.
तरी माझं वायफाय तिच्यातून पाझरतं पलीकडे,
लामारामावशींच्या स्वयंपाकघरात,
फक्त फ्रिजशेजारी, दोन फरश्यांपुरतं.

तिबिलिसीच्या या टोकाला, ग्लदानीत,
लिफ्टसुद्धा नाणं टाकल्याशिवाय नवव्या मजल्यावर येत नाही;
म्हणून ठरलं होतं, बिल अर्धं-अर्धं.
पहिले दोन महिने त्यांनी मोजून लारी दिले,
तिसऱ्यापासून बरणी,
हिरव्या आलुबुखारांची आंबट चटणी, लसूण घालून.
मी आपला वहीत लिहायचो,
मे: एक बरणी.
जून: एक बरणी, सहा अंजिरं (दोन पिचकी).

रात्री बाराला बारीहून खातुनाचा फोन यायचा,
तिकडच्या म्हातारीला झोपवून झालं की.
दुसऱ्याच्या आईला कूस बदलून देते ती,
आणि स्वतःची आई तिला दिसते
हनुवटीपासून वर, मागे फ्रिज,
फ्रिजवर माझ्या अक्षरात पासवर्ड.
दोन वर्षं तेवढंच घर पाहिलंय तिनं.
भिंतीतून मला शब्द येत नाहीत, सूर येतो.
एक खालचा: जेवलीस का.
एक वरचा: तू जेवलीस का.

मग ऑगस्टात भाचा आला, गोचा,
दिवसभर कुस्त्या बघायचा त्या दोन फरश्यांवर बसून.
आणि माझा बुद्धिबळाचा डाव,
एक हत्ती जास्त असलेला, हातात आलेला,
पडद्यावर नुसता गरगरत राहिला
माझी वेळ संपेपर्यंत.
समोरचा कुणी पेरू देशातला होता.
"छान खेळलास," त्यानं लिहिलं.
हरण्यापेक्षा ते झोंबलं.

त्या रात्री मी पासवर्ड बदलला.
कुणाला बोललो नाही.
बोलण्यासारखं कारणही नव्हतं ते.

तीन दिवस नेट कसं वाऱ्यासारखं!
नऊ डाव जिंकलो.
बाराला भिंतीतून सूर आला नाही
तेव्हा मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

चौथ्या दिवशी परदेशी नंबर.
"मी खातुना. आईच्या दारावर जरा थाप माराल?
तीन रात्री झाल्या..."
पुढे ती बोलली नाही. मागे एक म्हातारी
काहीतरी मागत होती, बहुतेक पाणी.

नऊ पावलं दोन दारांमध्ये.
थाप मारली. परत मारली.
आतून चपला ओढल्याचा आवाज येईस्तोवर
माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मावशी दारात, हात कोथिंबिरीनं हिरवे.
"ये रे. बरा झाला का तुझा डबा?"
कोणता?
"नेटचा. आजारीच पडला असणार बिचारा.
म्हटलं, पोरगा कामात असेल, कशाला तगादा लावायचा.
गोचाला परवाच घालवून दिला,
तूच दमवलंस त्याला, म्हटलं."

फ्रिजशेजारी स्टूल होतं,
स्टुलावर उशी, बसून बसून खोलगट झालेली,
उशीवर फोन.
शंभर टक्के चार्ज.

हो, म्हणालो, आजारी होता.
आता नवा पासवर्ड लागेल, तुम्हीच सांगा.
त्यांनी एप्रनला हात पुसले,
जणू आकड्यांना डाग पडतील.
"तीन हजार दोनशे दहा.
खातुनाचं जन्मावेळचं वजन, ग्रॅममध्ये."
आठ आकडे लागतात, मावशी.
"मग दोनदा लिही," म्हणाल्या.
"जुळ्या झाल्या असत्या तर
एक इथं राहिली असती."

घरी आलो. वही उघडली.
ऑगस्टपुढे काय लिहावं सुचेना, मिटली.
बाराला दहा कमी असताना
टेबल सरकवलं, राउटर उचलला,
भिंतीला अगदी चिकटवून ठेवला.
पोचला तर पोचेल तिसऱ्या फरशीपर्यंत.
तिथून खिडकी दिसते.